जावई कोणत्या पक्षाचा?

१९५८ साली जनमत चाचण्या घेणाऱ्या गॅलप संस्थेची माणसं अमेरिकेत लोकांना एक प्रश्न विचारत होती: गोऱ्या आणि कृष्णवर्णीय माणसांमधली लग्नं तुम्हाला मान्य आहेत का? शंभरातल्या चौघांनी 'हो' म्हटलं. फक्त चौघांनी. २०२१ मध्ये त्याच संस्थेने काळाप्रमाणे शब्द थोडे बदलून तोच प्रश्न विचारला, तेव्हा चौऱ्याण्णव जणांनी 'हो' म्हटलं. एका माणसाच्या आयुष्यात मावेल एवढाच हा काळ आहे. १९५८ मध्ये पंचविशीत असलेली आणि ठामपणे 'नाही' म्हणालेली एखादी बाई २०२१ मध्ये अठ्ठ्याऐंशी वर्षांची असेल. तिच्या नातवाची बायको कृष्णवर्णीय असू शकेल आणि त्याचं तिला काही वाटतही नसेल.

अमेरिकेत इतकी वर्षं राहून या देशाबद्दल मी पुष्कळ आकडे वाचले, पण या एका आकड्याइतकं मला कशानेच हलवलेलं नाही. चार ते चौऱ्याण्णव. एवढं अंतर एखादा समाज चालून जातो, आणि चालताना पावलापावलाला कुणीतरी त्याची नोंद करून ठेवतं, ही गोष्ट मला विलक्षण वाटते.

ती वाट सरळ मात्र नव्हती. १९६७ मध्ये व्हर्जिनियाच्या रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग या जोडप्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा लग्नांवरची बंदी घटनाबाह्य ठरवली. तोपर्यंत सोळा राज्यांत ती बंदी लागू होती. दुसऱ्या वर्षी गॅलपने प्रश्न विचारला, तर मान्यता होती २० टक्के. म्हणजे न्यायालयाने निकाल दिला तेव्हा देशातले बहुसंख्य लोक त्या निकालाच्या विरोधात उभे होते. मान्य करणारे अमान्य करणाऱ्यांपेक्षा जास्त झाले ते १९९१ मध्ये. मधली चोवीस वर्षं कायदा पुढे आणि लोक मागे असंच चाललं होतं. लोकांच्या मनाची तयारी झाल्याशिवाय कायदा करू नये असं म्हणणारे आपल्याकडेही कमी नाहीत. त्यांनी हा आलेख एकदा नीट पाहावा असं मला मनापासून वाटतं.

या आलेखाशेजारी मी आणखी एक गोष्ट ठेवते. अलाबामा राज्याच्या घटनेत आंतरवंशीय लग्नाला मनाई करणारं कलम २००० सालापर्यंत तसंच पडून होतं. त्याला काही अर्थ उरलेला नव्हता, तेहतीस वर्षांपूर्वीच ते मेलं होतं. ते पुसून टाकावं का, यावर नोव्हेंबर २००० मध्ये मतदान झालं. सुमारे ६० टक्के लोकांनी 'पुसा' म्हटलं आणि सुमारे ४० टक्क्यांनी 'राहू द्या'. त्या राज्यातला साधारण दर चौथा माणूस कृष्णवर्णीय आहे हे लक्षात घेतलं, तर गोऱ्या मतदारांमध्ये काय प्रमाण असेल याचा अंदाज येतो. फोनवर, परक्या माणसासमोर, जे उत्तर द्यायला जीभ धजत नाही ते मतदानाच्या आडोशात सहज देता येतं. चाचणीतला आकडा आणि पडद्याआडचा आकडा यांच्यामधली ही फट नेहमी ध्यानात ठेवावी लागते. त्या फटीचाही अर्थ आहे. आपलं मत उघड सांगायची माणसाला लाज वाटू लागते, ते मत मावळतीला लागल्याची ही पहिली खूण असते.

आपल्याकडे असाच प्रश्न जातीबद्दल विचारला गेला आहे. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने २०१९-२० मध्ये भारतात सुमारे तीस हजार लोकांना समोरासमोर बसून विचारलं. आपल्या समाजातल्या बायकांना दुसऱ्या जातीत लग्न करण्यापासून रोखणं फार महत्त्वाचं आहे, असं ६४ टक्क्यांनी सांगितलं. पुरुषांना रोखण्याबद्दल हा आकडा ६२ होता. आपल्याकडे अशी साठ वर्षांची सलग नोंद नाही, त्यामुळे आपण चढतो आहोत की जागच्या जागी उभे आहोत हे सांगता येत नाही. मला त्याची खंत वाटते.

या विषयाशी माझं नातं जुनं आहे. अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या एका विद्यापीठात शिकत असताना मी तिथल्या सर्वेक्षण विभागात संध्याकाळच्या पाळीला काम करत असे. कानाला हेडफोन, समोर पडदा. संगणक यादृच्छिक नंबर लावायचा. कुणी फोन उचलला की आधी विचारायचं, घरात अठरा वर्षांवरची माणसं किती, आणि त्यातल्या कुणाचा वाढदिवस सगळ्यात अलीकडे होऊन गेला? त्यांना फोन देता का? वाढदिवसाची ही भानगड कशासाठी, असं लोक दरवेळी विचारत. कारण साधं होतं. जो फोन उचलेल त्याच्याशीच बोललं तर नमुन्यात बायका आणि म्हातारी माणसं जास्त येतात, तरुण मुलगे जवळजवळ येतच नाहीत.

प्रश्न पडद्यावर असेल तसाच, शब्द न बदलता वाचायचा हा नियम सगळ्यांत कडक होता. "सरकार योग्य तेच करेल यावर तुमचा किती विश्वास आहे?" पलीकडचा माणूस विचारी, "सरकार म्हणजे कोणतं? वॉशिंग्टनचं की आमच्या गावचं?" आम्हाला शिकवलेलं उत्तर असे, "तुम्हाला जे वाटतं ते." समजावून सांगायचं नाही, उदाहरण द्यायचं नाही, 'हं' असा सहमतीचा हुंकारसुद्धा द्यायचा नाही. वादात वाढलेल्या मराठी मुलीला गप्प बसून दुसऱ्याचं मत पूर्ण ऐकून घेणं किती अवघड जातं, हे त्या दिवसांत कळलं. आणि आणखी एक कळलं. लोकांना विचारलेलं आवडतं. जेवणाच्या वेळी त्रास दिला म्हणून रागावलेला शेतकरी वीस मिनिटांनी फोन ठेवताना म्हणायचा, मला असं आजवर कुणी विचारलं नव्हतं.

आयोवा म्हटलं की जॉर्ज गॅलप आठवणारच. ते तिथल्याच जेफरसन गावचे. १९३२ मध्ये त्यांच्या सासूबाई, ओला बॅबकॉक मिलर, आयोवाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट पदासाठी उभ्या राहिल्या. त्या डेमोक्रॅट, राज्य पिढ्यान्‌पिढ्या रिपब्लिकन, त्यातून बाई. कुणी त्यांना गंभीरपणे घेत नव्हतं. जावयाने त्यांच्यासाठी लोकांचा कानोसा घेतला, आणि सासूबाई निवडून आल्या. त्या पदावरच्या त्या पहिल्या स्त्री. तीन वर्षांनी गॅलप यांनी आपली संस्था काढली, आणि १९३७ मध्ये त्यांनी देशाला विचारलेल्या प्रश्नांतला एक होता, लायक असली तर स्त्री राष्ट्राध्यक्षाला मत द्याल का? ३३ टक्क्यांनी हो म्हटलं. हा प्रश्न सुचायला घरातली ती सासू कारणीभूत झाली असेल का, असं माझ्या मनात नेहमी येतं.

१९३६ च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, त्यातल्या तेवीस-चोवीस लाख भरून परत आल्या. एवढ्या ढिगावरून त्यांनी सांगितलं, रिपब्लिकन उमेदवार लँडन ५७ टक्के मतांनी जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांना जवळपास ६१ टक्के मतं पडली आणि लँडन यांच्या हाती मेन आणि व्हरमाँट ही दोनच राज्यं लागली. साप्ताहिकाने पत्ते घेतले होते ते टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांमधून. मंदीच्या ऐन भरात फोन आणि मोटार कुणाकडे होती? गॅलप यांनी त्याहून कितीतरी लहान नमुन्यावरून रूझवेल्ट जिंकणार हे सांगितलं. साप्ताहिकाचा अंदाज किती चुकणार हेही त्यांनी आधीच छापून टाकलं होतं. शितावरून भाताची परीक्षा होते, पण शित पातेल्याच्या तळातूनही यायला हवं आणि वरूनही. नुसतं वरचं शित मूठभर घेतलं तरी काही कळत नाही. बारा वर्षांनी, १९४८ मध्ये, खुद्द गॅलप तोंडघशी पडले. त्यांनी मतदानाच्या बरेच दिवस आधी विचारणं थांबवलं होतं, आणि ट्रुमन जिंकले.

तेव्हापासून आजवर चाचण्यांची किंमत लोक एकाच गोष्टीवरून करत आले आहेत: निवडणूक बरोबर सांगितली की नाही. २०१६ मध्ये चुकल्या, २०२० मध्ये चुकल्या, २०२४ मध्ये आमच्या आयोवात तर फारच चुकल्या. अॅन सेल्झर यांच्या चाचणीचा या राज्यात शब्द मानला जाई. मतदानाच्या तोंडावर त्यांनी हॅरिस ४७, ट्रम्प ४४ असं सांगितलं आणि ट्रम्प तेरा टक्क्यांच्या फरकाने जिंकले. त्या आठवड्यात माझ्या ओळखीतला जो भेटेल तो म्हणे, बघ, हे सगळं थोतांड आहे.

मला हे पटत नाही. कोण जिंकणार हे मतमोजणीच्या रात्री सगळ्यांना कळतंच. त्यासाठी चार दिवस आधी एक-दोन टक्क्यांवर जीव टाकायचा, हा या शास्त्राचा सर्वांत कोता उपयोग आहे. चाचण्यांनी जे खरं दाखवलं आहे ते निवडणुकीच्या बातम्यांत येत नाही, कारण ते हळू घडतं.

माणसाचं स्वतःबद्दलचं मत आणि त्याच्या प्रत्यक्ष मागण्या यांचंच उदाहरण घ्या. लॉइड फ्री आणि हॅडली कँट्रिल या दोघा अभ्यासकांनी १९६४ च्या सुमाराची मतं तपासली तेव्हा त्यांना दिसलं, की सरकारने लोकांच्या आयुष्यात लुडबुड करू नये वगैरे तत्त्वं विचारली की निम्मे अमेरिकन परंपरावादी (कॉन्झर्व्हेटिव्ह) निघतात, पण शाळांना पैसे द्यावेत का, म्हाताऱ्यांच्या औषधपाण्याचं पाहावं का, असं एकेक विचारत गेलं की जवळपास दोन-तृतीयांश लोक सरकारने हे करावंच असं म्हणतात. साठ वर्षं होऊन गेली, हा नमुना फारसा बदललेला नाही. फोनवर मी हे शेकडो घरांतून ऐकलं. पहिल्या प्रश्नाला वॉशिंग्टनवाल्यांना शिव्या, आणि सातव्या प्रश्नाला सोशल सिक्युरिटीला, म्हणजे सरकारी पेन्शनला, हात लावाल तर याद राखा. त्यांना या दोन्हींत विसंगती वाटत नसे, आणि आता मलाही ती वाटत नाही. पहिल्या उत्तरात माणूस आपण कोण आहोत ते सांगत असतो, दुसऱ्यात घराला काय लागतं ते.

शिकागो विद्यापीठातल्या संस्थेकडून १९७२ पासून चालणाऱ्या सामाजिक सर्वेक्षणात एक प्रयोग वर्षानुवर्षं चालू आहे. निम्म्या लोकांना विचारतात, सरकार 'वेल्फेअर'वर, म्हणजे गरजूंना मिळणाऱ्या सरकारी आधारावर, फार खर्च करतं की फार कमी? उरलेल्या निम्म्यांना विचारतात, 'गरिबांच्या मदतीवर' फार खर्च करतं की कमी? पहिल्या गटातले पाव-एक लोक 'कमी' म्हणतात, दुसऱ्या गटातले साठ टक्क्यांहून जास्त. पैसा तोच, तो घेणारी माणसंही तीच. पण वेल्फेअर म्हटल्याबरोबर बऱ्याच गोऱ्या अमेरिकनांच्या डोळ्यांसमोर कृष्णवर्णीय चेहरा येतो, आणि गरीब म्हटल्यावर तसं होत नाही. लग्नाच्या प्रश्नावर ९४ टक्के 'हो' म्हणणाऱ्या याच देशात हेही आहे. एक खोली झाडली म्हणजे घर झाडून झालं असं नव्हे.

२०१३ मध्ये सीएनबीसीच्या चाचणीत निम्म्यांना 'ओबामाकेअर'बद्दल विचारलं आणि निम्म्यांना 'अफोर्डेबल केअर अॅक्ट'बद्दल. आरोग्यविम्याच्या एकाच कायद्याची ही दोन नावं. पहिल्या नावाला ४६ टक्क्यांचा विरोध होता, दुसऱ्याला ३७ टक्क्यांचा. नावात एका माणसाचं आडनाव आलं की कायद्याला पक्षाचा रंग चढतो.

हा रंगच आता सगळ्यांवर चढत चालला आहे, आणि मला काळजी वाटते ती याची. नोव्हेंबर २०१६ मध्ये मतदानाच्या आधी गॅलपने विचारलं, अर्थव्यवस्था सुधारते आहे का? रिपब्लिकनांपैकी १६ टक्के हो म्हणाले. ट्रम्प निवडून आल्यावर आठवड्याभरात पुन्हा विचारलं, ४९ टक्के हो म्हणाले. डेमोक्रॅट ६१ वरून ४६ वर आले. त्या आठवड्यात ना पगार बदलले होते, ना दुधाचा भाव. ट्रम्प यांना शपथ घ्यायलाही दोन महिने होते. सीरियावर हल्ला करावा का या प्रश्नावर २०१३ मध्ये, ओबामा असताना, २२ टक्के रिपब्लिकनांचा पाठिंबा होता आणि २०१७ मध्ये, ट्रम्प असताना, ८६ टक्क्यांचा. डेमोक्रॅट तेव्हा ३८ आणि नंतर ३७, जवळपास जागचे हलले नाहीत. म्हणून मी आता कुठल्याही चाचणीत 'देशाला काय वाटतं' हा आकडा आधी पाहत नाही. पक्षवार फोड पाहते. तिथे दोन ओळी एकमेकींपासून लांब गेलेल्या असल्या आणि राष्ट्राध्यक्ष बदलताच त्यांनी जागा बदलल्या, तर समजावं की लोकांनी प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही, आपण कुणाच्या बाजूचे ते सांगितलं आहे.

आणि मग लग्नाचा दुसरा प्रश्न. १९६० च्या सुमारास अमेरिकनांना विचारलं होतं, तुमच्या मुलाने किंवा मुलीने विरोधी पक्षाच्या माणसाशी लग्न केलं तर तुम्हाला कसं वाटेल? वाईट वाटेल असं म्हणणारे रिपब्लिकन होते ५ टक्के आणि डेमोक्रॅट ४ टक्के. बाकीच्यांना हा प्रश्नच विचित्र वाटला असणार. २०१० मध्ये तसाच प्रश्न विचारला तेव्हा रिपब्लिकनांतले ४९ टक्के आणि डेमोक्रॅटांतले ३३ टक्के नाखूश निघाले.

हे दोन आलेख मी एकावर एक ठेवून पाहिले ते काही वर्षांपूर्वी, आणि तेव्हापासून ते मनातून जात नाहीत. ज्या काळात शंभरातले फक्त चौघे वेगळ्या वंशातलं लग्न मान्य करायला तयार होते, त्या काळात जावई कोणत्या पक्षाचा याची कुणालाच फिकीर नव्हती. आता वंश चालतो, पक्ष चालत नाही. परका कोण, याची रेघ पुसली गेलेली नाही, ती उचलून दुसरीकडे मारली आहे.

आमच्याकडच्या मंडळात गणपतीच्या जेवणाच्या पंगतीत हे मला स्पष्ट ऐकू येतं. वीस वर्षांपूर्वी काकू मंडळी विचारत, "मुलगा आपल्यातला आहे ना गं?" मग "मराठी नसला तरी भारतीय आहे ना?" वर आल्या. मग "अमेरिकन आहे, पण घरचे चांगले आहेत" इथवर पोचल्या. आता एका मैत्रिणीच्या मुलीचं जमलं आयोवाच्याच एका शेतकरी घरातल्या मुलाशी, आणि तिची आई भाजी वाढता वाढता मला हळूच म्हणाली, "सगळं छान आहे गं, पण त्यांच्या अंगणात ट्रम्पची पाटी आहे." रंग, धर्म, मांसाहार, सगळं पार करून ती बाई त्या पाटीपाशी अडली होती. आणि मला खात्री आहे, त्या शेतकरी घरातही कुणीतरी कुणाला असंच हळूच काही म्हटलं असेल.

पण या प्रश्नाला एक पोटप्रश्न आहे, आणि तो ज्यांनी विचारला त्यांचे मी मनोमन आभार मानते. समारा क्लार, याना कृपनिकोव्ह आणि जॉन बॅरी रायन यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याच प्रश्नाला एक शेपूट जोडलं: हा विरोधी पक्षाचा जावई किंवा सून राजकारणावर क्वचितच बोलते, असं समजा. मग पुष्कळांची नाराजी मावळली. उलट सतत राजकारणच बोलणारा जावई स्वतःच्या पक्षाचा असला तरी लोकांना नको होता. विरोधी पक्षाचा म्हटल्यावर लोकांच्या मनात येतो तो जेवणाच्या टेबलावर हात आपटून बोलणारा माणूस, शेजारचा साधा मतदार येतच नाही. १९६० मध्ये तसा माणूस मनात येत नसे, आता येतो. हा फरक कशाने पडला, टीव्हीने, फोनने की नेत्यांच्या भाषेने, याबद्दल मी इथे काही ठरवून सांगणार नाही. पण मनातली ती आकृती किती खोटी आहे, हे मोजलेलं आहे. डग्लस अहलर आणि गौरव सूद यांनी लोकांना विचारलं, रिपब्लिकनांपैकी किती जण वर्षाला अडीच लाख डॉलरहून जास्त कमावतात? लोकांचा सरासरी अंदाज ३८ टक्के. खरा आकडा २ च्या आसपास. डेमोक्रॅटांपैकी किती जण समलिंगी किंवा तत्सम? अंदाज ३२ टक्के, खरा आकडा ६ च्या जवळ. आणि राजकारणाच्या बातम्या ज्यांना जास्त आवडतात, त्यांचे अंदाज जास्त चुकतात.

समलिंगी लग्नाचा आलेखही मी बरीच वर्षं या दोघांच्या शेजारी ठेवून पाहते आहे. गॅलपच्या नोंदीत १९९६ मध्ये २७ टक्क्यांचा पाठिंबा होता. २००९ मध्ये आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने अशा लग्नांना मान्यता दिली. आम्ही तेव्हा इथेच होतो. दुसऱ्या वर्षी, न्यायमूर्तींना पदावर ठेवायचं का यावरच्या मतदानात, मतदारांनी त्यांच्यापैकी तिघांना घरी पाठवलं. १९६७ नंतरचं तेच चित्र, कायदा पुढे, लोक मागे. २०१५ मध्ये देशभर मान्यता मिळाली तेव्हा पाठिंबा ६० टक्के होता, आणि २०२३ मध्ये ७१. मला वाटलं होतं हा आलेख पहिल्यासारखाच नव्वदीकडे जाणार. मग २०२५ चे आकडे आले. एकूण पाठिंबा ६८. डेमोक्रॅट ८८ वर. रिपब्लिकन, जे २०२१ मध्ये ५५ वर पोचले होते, ते उतरून ४१ वर आले होते.

चार वर्षांत चौदा टक्के खाली. वंशाच्या आलेखात असं कधी घडलं नव्हतं. तो चढला तो दोन्ही पक्षांत, कमीजास्त वेगाने, पण चढतच. इथे मात्र लग्नाच्या जुन्या प्रश्नावर पक्षाच्या नव्या प्रश्नाने हात ठेवला आहे. ज्यांनी पाच वर्षांपूर्वी आपल्या भाच्याच्या लग्नाला जाऊन आशीर्वाद दिले असतील, ते आता फोनवर 'नाही' म्हणत असतील, कारण 'हो' हे आता त्यांच्या बाजूचं उत्तर राहिलेलं नाही. त्यांच्या मनातलं प्रेम आटलं असं मी मानत नाही. पण माणूस परक्यासमोर जे बोलतो तेच हळूहळू त्याचं होऊन बसतं, आणि कायदे त्या उत्तरांवरच बेतले जातात.

या सगळ्यात आपण भारतीय कुठे दिसतो? हजार माणसांच्या राष्ट्रीय नमुन्यात आपल्यासारखे पंधरा-एक असतात. पंधरा माणसांवरून काहीच म्हणता येत नाही, म्हणून बहुतेक चाचण्यांत आपण 'आशियाई'मध्ये नाहीतर 'इतर'मध्ये विरून जातो. कार्नेगी संस्थेने मुद्दाम भारतीय-अमेरिकनांची वेगळी चाचणी घेतली तेव्हा २०२० मध्ये बायडन यांच्याकडे ७२ टक्के कल दिसला, आणि २०२४ मध्ये हॅरिस यांच्याकडे ६१. ज्यांची आई चेन्नईची होती त्या उमेदवाराला कमी. आपणही रक्ताच्या ओढीने एकगठ्ठा मत देत नाही, हे निदान या निमित्ताने कुणीतरी लिहून ठेवलं.

आता खरी अडचण आहे ती फोन न उचलण्याची. प्यूच्या फोन-चाचण्यांत १९९७ मध्ये शंभरातले ३६ जण उत्तर देत. २०१२ मध्ये ९, २०१८ मध्ये ६. मी हेडफोन लावून बसत असे ते दिवस आता परत येणार नाहीत. प्यूने फोन जवळजवळ सोडूनच दिला, टपालाने पत्त्यावर पत्र पाठवून ते लोकांना पॅनेलमध्ये घेतात आणि ऑनलाइन विचारतात. त्याने आकडे सावरतात. पण उत्तर न देणारे कोण, हे सर्वांत महत्त्वाचं. सरकारवर, वर्तमानपत्रांवर, विद्यापीठांवर ज्यांचा विश्वास उडाला आहे, त्यांचा प्रश्न विचारणाऱ्यावरही उडालेला असतो. १९५८ मध्ये ७३ टक्के अमेरिकन म्हणत, वॉशिंग्टनचं सरकार बहुतेक वेळा योग्य तेच करतं. २०२३ मध्ये हा आकडा १६ झाला. आणि हे १६ टक्केसुद्धा ज्यांनी अनोळखी माणसाला उत्तर देण्याइतका विश्वास दाखवला त्यांच्यातले आहेत. दार लावून बसलेल्यांना धरलं तर तो किती भरेल?

म्हणूनच मला वाटतं, विचारणाऱ्यांनी आता निवडणुकीच्या अंदाजावरचा जोर कमी करावा. निवडणुकीच्या वर्षात दर आठवड्याला, दर राज्यात, कोण एक टक्क्याने पुढे यावर जो पैसा उडतो, त्यातला थोडासा जरी जुन्या प्रश्नांकडे वळला तरी खूप होईल. पक्षाबाहेरच्या लग्नाच्या प्रश्नाची गॅलपसारखी सलग नोंद नाही. अभ्यासक दाखवतात ते ठिपके १९६० चे आणि मग एकदम २००८, २०१० चे, आणि शब्दही पुरते तेच नाहीत. मधल्या काळात ही रेघ नेमकी कधी उचलली गेली, व्हिएतनामच्या वेळी, क्लिंटनच्या वेळी की त्यानंतर, हे आता कुणालाच सांगता येत नाही. तो प्रश्न दरवर्षी त्याच शब्दांत विचारावा, तो त्या शेपटासह आणि त्याशिवाय असा दोन्ही तऱ्हेने विचारावा, आणि आयोवाच्या खेड्यात जाऊन, दार उघडेपर्यंत थांबून, समोर बसून विचारावा.